पी. व्ही. नरसिंह राव : स्मरणदिन करायचा, तर त्यात काय काय असावे?

ग्रंथसखी
आमच्या वाचनालयात दरवर्षी सार्वजनिक जीवनातील एका व्यक्तीच्या जन्मदिनी दिवसभराचा कार्यक्रम होतो. सकाळी ग्रंथप्रदर्शन, दुपारी व्याख्याने आणि संध्याकाळी सभासदांची खुली चर्चा असे त्याचे स्वरूप असते. यंदा २८ जून ही तारीख समोर ठेवून मी माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव सुचवले. कार्यकारिणीत त्यावर बरीच चर्चा झाली. १९९१ च्या आर्थिक निर्णयांवर एखाद्या अर्थतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे आणि बाकीच्या विषयांना हात लावू नये, असे काहींचे म्हणणे पडले. एका ज्येष्ठ सभासदांनी मात्र स्पष्ट सांगितले की, ज्यांच्या कारकिर्दीत बाबरी मशीद पाडली गेली त्यांचा गौरव आपल्या वास्तूत होऊ नये.

माझे मत असे की, मराठी वाचकाने रावांची आठवण आवर्जून ठेवायला हवी. निजामाच्या राज्यात १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले, त्यांत राव होते, आणि अशा विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि नागपुरातील कायद्याचे शिक्षण यांनी त्यांना घडवले. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९८४ पासून १९९१ पर्यंत ते रामटेकचे खासदार होते.

अशा नेत्याचे स्मरण कोणत्या अंगांनी व्हावे? ६ डिसेंबर १९९२ चा विषय कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा, की तो बाजूला ठेवावा? आपली मते सविस्तर मांडावीत, ही विनंती.

रामटेककर
ग्रंथसखीताई, विषय काढल्याबद्दल आभार. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी आमच्याकडे त्यांची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा आंध्रातील नेता विदर्भात कशाला, अशी कुजबुज गावोगाव होती. त्या निवडणुकीत ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन ठिकाणी उभे होते. हनमकोंड्यात भारतीय जनता पक्षाच्या चंदुपटला जंगा रेड्डी यांनी त्यांना हरवले. त्या वर्षी त्या पक्षाला देशभरात ज्या दोनच जागा मिळाल्या, त्यांतली ही एक. रामटेकने त्यांना निवडून दिले आणि १९८९ मध्ये पुन्हा दिले. म्हणजे त्यांच्या राजकीय आयुष्याच्या एका अवघड वळणावर आमचा मतदारसंघ त्यांच्या पाठीशी उभा राहिला, याचा इथल्या जुन्या लोकांना आजही अभिमान आहे.

सभेत ते मराठीत बोलत. दुभाष्याची गरज त्यांना लागत नसे. आमचे वडील सांगत की, त्यांच्या भाषणात टाळ्यांसाठी थांबणे नव्हते; शिक्षक धडा समजावून देतो तसा तो माणूस बोले. प्रचारसभेत हा गुण मानला जात नाही, पण लोक ऐकत असत.

उद्यमी
कार्यक्रम अवश्य व्हावा, आणि त्याचा केंद्रबिंदू २४ जुलै १९९१ हाच असावा, असे मला मनापासून वाटते. त्या दिवशी मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, हे सर्वांना माहीत असते. त्याच दिवशी नवे औद्योगिक धोरण संसदेत ठेवण्यात आले आणि उद्योग खाते त्या वेळी खुद्द पंतप्रधानांकडे होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे. अठरा उद्योग वगळता बाकीच्यांना परवान्याची अट उरली नाही. मक्तेदारी कायद्याखाली मोठ्या उद्योगांना विस्तारासाठी घ्यावी लागणारी पूर्वपरवानगी गेली, आणि प्राधान्याच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला थेट मंजुरीची सोय झाली.

भोसरीला आमचे सुट्या भागांचे वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळात परदेशी यंत्र आणायचे म्हटले की, अर्जाच्या प्रती घेऊन दिल्लीला खेपा घालाव्या लागत, आणि यंत्र येईपर्यंत ज्या कामासाठी ते मागवले ते काम दुसरीकडे गेलेले असे. माझ्या पिढीला तो अनुभव आला नाही. आमच्या वसाहतीत आज जी शेकडो वर्कशॉपे उभी आहेत, त्यांच्या मालकांना हा इतिहास सांगितला गेला पाहिजे. इतर वादांनी हा मुद्दा झाकोळला जाऊ नये, एवढीच माझी विनंती.

जुना_बँकवाला
उद्यमी यांच्याशी सहमत आहे, तरी १९९१ ची गोष्ट सांगताना ती जून महिन्यापासून सांगावी लागेल. २१ जूनला राव पंतप्रधान झाले तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती होती. मी त्या काळी मुंबईत एका बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. आयातीचे पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) उघडायचे तर व्यापाऱ्याला मोठी रोख रक्कम अगोदर भरावी लागे, आणि ती भरूनही परदेशी बँक ते पतपत्र स्वीकारील की नाही, याची खात्री आम्हाला देता येत नसे. आधीच्या चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन सोने बाहेर गेले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवले. बातमी फुटली तेव्हा आमच्या विभागातले अनुभवी अधिकारी दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

रुपयाचे अवमूल्यन १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत झाले. पहिल्या टप्प्यानंतर टीका सुरू झाली आणि पंतप्रधान बिचकले. दुसरा टप्पा थांबवावा, असे त्यांनी अर्थमंत्र्यांना सांगितले. मनमोहन सिंग यांनी ३ तारखेच्या सकाळी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तेव्हा दुसरा टप्पा जाहीर होऊन गेलेला होता. या प्रसंगावरून राव कचखाऊ ठरतात, असे मला वाटत नाही. हाती बहुमत नसलेला पंतप्रधान प्रत्येक पावलाची राजकीय किंमत मोजत होता, आणि तरीही ज्या माणसावर त्याने काम सोपवले त्याला त्याने एकदाही वाऱ्यावर सोडले नाही. अर्थसंकल्पातील खतांच्या ४० टक्के दरवाढीवर त्यांच्याच पक्षाचे खासदार संतापले, तेव्हा ती ३० टक्क्यांवर आणून आणि लहान शेतकऱ्यांना सवलत देऊन त्यांनी उरलेला सारा अर्थसंकल्प तारून नेला.

सह्यवासी
श्रेय मनमोहन सिंग यांचे की रावांचे, या वादाचा निकाल या धाग्यावर लागणार आहे का? अर्थमंत्र्याची बुद्धी आणि पंतप्रधानाचे छत्र, दोन्ही लागले. मला मात्र वेगळा प्रश्न आहे. या सुधारणांनंतर कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी कामगार आले, त्यांच्या बाजूने बोलणारा कुणी त्या दिवशी व्यासपीठावर असेल का?

जुना_बँकवाला
सह्यवासी, आपला प्रश्न रास्त आहे. कामगार कायद्यांना रावांनी हात लावला नाही आणि सरकारी कारखाने घाऊकपणे विकले नाहीत, म्हणून त्यांच्यावर उलट बाजूनेही टीका झाली. तरीही बदलाची झळ ज्यांना बसली त्यांचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे. छत्राविषयी एकच भर घालतो. अर्थमंत्रिपदासाठी पहिली विचारणा आय. जी. पटेल यांच्याकडे झाली होती आणि त्यांनी नकार दिला. म्हणजे राजकारणी नव्हे तर जगाने ज्याचा शब्द मानावा असा अर्थतज्ज्ञच तिथे बसवायचा, हा निर्णय आधी झाला होता आणि तो रावांचा होता.

नवोदयी
इथे सगळी चर्चा १९९१ वर आली, म्हणून थोडे मागे नेते.

राव १९८५ मध्ये मनुष्यबळ विकास खात्याचे मंत्री झाले आणि १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्यांच्या कारकिर्दीत आले. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात याच काळातली. प्रायोगिक स्वरूपात जी पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली, त्यांतले एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला होते. आज देशात साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत. सहावीला प्रवेशपरीक्षा होते, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि राहणे-जेवणे सरकारी खर्चाने होते. या कल्पनेचे बीज आंध्रात आहे. तिथे शिक्षणमंत्री असताना त्यांनी गरीब, हुशार मुलांसाठी निवासी शाळांचा विचार मांडला आणि १९७१ मध्ये नलगोंडा जिल्ह्यात सर्वेल येथे तसे पहिले गुरुकुल सुरू झाले.

मी विदर्भातल्या एका नवोदयची विद्यार्थिनी. आईवडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात. सहावीत मला पहिल्यांदा स्वतःचा पलंग, स्वतःचे कपाट आणि रात्री खात्रीची वीज मिळाली. नववीत हिंदी भाषक आणि इतर राज्यांतील विद्यालयांमध्ये काही मुलांची अदलाबदल होते, त्याप्रमाणे मी वर्षभर उत्तरेकडील एका राज्यात शिकले आणि तिकडची मुले आमच्या विद्यालयात येऊन मराठी शिकून गेली. भारत नावाचा देश मला पुस्तकाआधी वसतिगृहात भेटला, असे मी म्हणेन. तेव्हा पंतप्रधान रावांच्या आधी शिक्षणमंत्री रावांना वेळ द्यावा, हा माझा आग्रह आहे. संधी मिळाली तर मी स्वतः बोलायला येईन.

तळेगावची_सरपंच
नवोदयीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मीही लिहायचे धाडस करते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, ती राव पंतप्रधान असताना. मूळ प्रयत्न राजीव गांधींचा होता, त्यांच्या वेळी ते विधेयक राज्यसभेत अडकले. दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे बंधनकारक झाले, राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग आले, सदस्यांच्या आणि सरपंचाच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. पुढे महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले. ग्रामसभेत माझ्या सासूबाईंना बसायला जागा नव्हती आणि मी तिथे अध्यक्षस्थानी बसले. या दुरुस्तीचा उल्लेख राहू नये.

शाहीन_मुंबई
वरचे सर्व प्रतिसाद मी आदराने वाचले. आता जे लिहिते आहे ते कुणाचा हिरमोड करण्यासाठी लिहीत नाही.

६ डिसेंबर १९९२ रोजी मी शाळेत होते. त्या रात्रीपासून आमच्या मोहल्ल्यात संचारबंदी लागली, आणि जानेवारीत दुसऱ्यांदा दंगल पेटली तेव्हा आम्हाला घर सोडून नातेवाइकांकडे जावे लागले. ते घर पुढे विकले गेले. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत ९०० माणसे मेल्याची नोंद केली आहे. त्यांत मुसलमान होते, हिंदू होते. मग १२ मार्चचे बॉम्बस्फोट झाले. आमच्यासाठी नरसिंह राव हे नाव त्या दिवसांशी जोडलेले आहे आणि ते तसेच राहणार आहे.

केंद्रीय दलाच्या तुकड्या अयोध्येच्या आसपास होत्या. दुपारपासून घुमट कोसळत होते. संध्याकाळ झाली तरी दिल्लीहून काही हालले नाही. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी मशीद पुन्हा उभारण्याचे आश्वासन दिले, त्याचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

त्यांचा स्मरणदिन करू नका, असे मी म्हणत नाही. नवोदयीताईंनी लिहिले ते खरे आहे, आणि माझ्या भावाला पुढे जी नोकरी मिळाली ती १९९१ मुळेच मिळाली, हेही खरे आहे. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर बोलायचे आणि या एका दिवसावर गप्प बसायचे, असा कार्यक्रम असेल तर त्यात मला बसता येणार नाही.

उद्यमी
शाहीनताई, इतर वादांनी मुद्दा झाकोळू नये असे मी लिहिले तेव्हा हा विषय गाळावा असे माझ्या मनात होते, हे मान्य करायला हवे. आपला प्रतिसाद वाचल्यावर तसे म्हणता येत नाही. संध्याकाळच्या चर्चेत याला स्वतंत्र वेळ द्यावा.

गोदातीर
मी नांदेडचा. या विषयात मराठवाड्याचा धागा फार खोलवर गुंतलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

राव हे स्वामी रामानंद तीर्थांच्या शिष्यमंडळातले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवर जी शिबिरे चालली, त्यांपैकी चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) शिबिराशी त्यांचा संबंध होता. आमचे शंकरराव चव्हाण हेही स्वामीजींच्याच तालमीतले. १९९१ ते १९९६ या पाच वर्षांत पंतप्रधान आणि गृहमंत्री असे दोघेही एकाच गुरूचे अनुयायी होते, आणि संरक्षण खाते १९९३ पर्यंत शरद पवारांकडे होते. केंद्रीय गृहसचिव होते माधव गोडबोले. म्हणजे ६ डिसेंबरच्या निर्णयप्रक्रियेत सर्वोच्च पातळीवर किती मराठी माणसे होती, ते पाहावे. हा प्रश्न दूरच्या उत्तर प्रदेशाचा म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही.

गोडबोले यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे की, गृहखात्याने नोव्हेंबर १९९२ मध्ये एक आकस्मिक योजना तयार केली होती. राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ खाली उत्तर प्रदेश सरकार वेळेत बरखास्त करावे आणि वास्तूचा ताबा केंद्रीय दलांकडे द्यावा, असा तिचा गाभा होता. ती अमलात आली नाही. मार्च १९९३ मध्ये गोडबोले यांनी सेवेचा राजीनामा दिला आणि नंतर अखेरपर्यंत ते या विषयावर लिहीत राहिले. माझ्या दृष्टीने रावांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी चूक आहे. वाट पाहणे हा ज्यांच्या स्वभावाचा बळकट भाग होता, त्यांनी ज्या दिवशी वाट पाहायला नको होती त्याही दिवशी ती पाहिली.

आणखी एक गोष्ट. १९८४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देशाचे गृहमंत्री कोण होते? नरसिंह राव. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले, असा सरकारी आकडा आहे. हजूर साहिबच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे विसरता येत नाही. इंद्रकुमार गुजराल यांनी त्या रात्री रावांना भेटून सैन्य लवकर बोलावण्याचा सल्ला दिला होता, आणि तो ऐकला असता तर हत्याकांड टळले असते, असे मनमोहन सिंग यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. ज्यांना रावांनीच राजकारणात आणले, त्यांचे हे शब्द आहेत.

न्यायवाचक
गोदातीर यांचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. तरी ६ डिसेंबरच्या बाबतीत कायद्याची बाजू मांडणे आवश्यक वाटते. उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे वास्तूच्या रक्षणाची लेखी हमी दिली होती. राज्यपाल सत्यनारायण रेड्डी यांनी डिसेंबरच्या आरंभीच राष्ट्रपती राजवटीच्या विरोधात मत कळवले होते. अशा स्थितीत निवडून आलेले सरकार घटना घडण्याआधीच बरखास्त केले असते, तर न्यायालयात ते टिकले असते का? बोम्मई खटल्याचा निकाल ११ मार्च १९९४ चा आहे. धर्मनिरपेक्षतेचा भंग हे बरखास्तीचे कारण होऊ शकते, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित झाले. डिसेंबर १९९२ मध्ये ते हाताशी नव्हते. हमी मोडल्याबद्दल कल्याण सिंग यांना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एक दिवसाच्या कैदेची शिक्षा दिली. मशीद पाडल्याची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाने २००९ च्या अहवालात रावांना दोषी धरले नाही. आणि सप्टेंबर १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा, ज्याने १५ ऑगस्ट १९४७ रोजी असलेले प्रार्थनास्थळांचे स्वरूप गोठवले, तो त्यांच्याच सरकारचा आहे.

१९८४ विषयी मी काही समर्थन करू इच्छित नाही.

तिसरा मुद्दा कुणी काढला नाही, तो मी काढतो. २८ जुलै १९९३ रोजी त्यांच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना मतांसाठी पैसे दिल्याचा खटला उभा राहिला. २००० मध्ये विशेष न्यायालयाने रावांना दोषी ठरवले, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. पण त्या प्रकरणातून १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला, त्यानुसार लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला संरक्षण मिळाले. तो निकाल ‘पी. व्ही. नरसिंह राव विरुद्ध सरकार’ याच नावाने ओळखला जातो. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द ठरवला. त्याच महिनाअखेरीस राष्ट्रपतींनी रावांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान केले. १९९८ आणि २०२४ चे हे दोन्ही निकाल प्रदर्शनात एकमेकांशेजारी ठेवावेत, असे मी सुचवीन.

गोदातीर
न्यायवाचक, राज्यपालांचे पत्र आणि बोम्मईचा निकाल ठीक आहे. पण ६ तारखेला दुपारी पहिला घुमट पडल्यानंतर कोणता कायदेशीर अडसर उरला होता? आधी सरकार बरखास्त करणे घटनात्मक दृष्ट्या अवघड होते, हे आपले म्हणणे क्षणभर मान्य केले, तरी त्या पाच-सहा तासांचा हिशेब लागत नाही.

न्यायवाचक
तो लागत नाही, हे मलाही मान्य आहे. मी दुपारपूर्वीच्या काळाविषयी लिहिले होते.

हिमांशु_ना
परराष्ट्र धोरणाविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. २९ जानेवारी १९९२ रोजी इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले. आग्नेय आशियाकडे पाहण्याचे ‘पूर्वेकडे पाहा’ धोरण आले. ७ सप्टेंबर १९९३ रोजी प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा चीनबरोबरचा करार झाला. २२ फेब्रुवारी १९९४ रोजी जम्मू-काश्मीरविषयीचा ठराव संसदेने एकमताने संमत केला. १९९४ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क आयोगापुढे भारताची बाजू मांडायला जे शिष्टमंडळ गेले, त्याचे नेतृत्व रावांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे सोपवले. अणुचाचणीची तयारी रावांच्या काळातच झाली होती, हे श्रेय वाजपेयींनी त्यांना मोकळेपणाने दिले. सोव्हिएत संघ कोसळला त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या माणसाने हे सारे उभे केले आहे.

गोलकोंडा
हैदराबादेत चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला मी. इथल्या स्मारकांविषयी सांगतो. मेहदीपट्टणमहून आरामघरकडे जाणारा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा उन्नत रस्ता त्यांच्या नावाने आहे. विमानतळाकडे जाणारे बाहेरगावचे प्रवासी त्यावरून जातात आणि त्याला नुसते ‘पीव्ही एक्स्प्रेसवे’ म्हणतात. पशुवैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हुसेन सागराच्या काठी त्यांची समाधी आहे, तिला ज्ञानभूमी म्हणतात. तेलंगण सरकारने २०२०-२१ मध्ये त्यांची जन्मशताब्दी मोठ्या प्रमाणावर साजरी केली.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ज्या काँग्रेस पक्षाचे ते अध्यक्ष होते, त्या पक्षाच्या मुख्यालयाच्या फाटकाबाहेर त्यांचे पार्थिव थांबले आणि आत नेले गेले नाही. अंत्यसंस्कार दिल्लीत न होता २५ तारखेला हैदराबादेत झाले. दिल्लीच्या एकता स्थळावर त्यांचे स्मारक व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. इथली वडीलधारी माणसे ही गोष्ट सांगताना आजही अस्वस्थ होतात. पंतप्रधानपदाची पूर्ण पाच वर्षे काढलेला, नेहरू-गांधी घराण्याबाहेरचा पहिला नेता, आणि दक्षिणेतून आलेला पहिला पंतप्रधान! मतभेद हजार असोत, मृत्यूनंतर तरी फाटक उघडायला हवे होते.

आंध्रचे मुख्यमंत्री असताना त्यांनी जमीन कमाल धारणेचा कायदा रेटला, याविषयी इथे बोलले गेले नाही. ते स्वतः मोठ्या जमीनदार घरातले होते आणि त्यांच्या घरची जमीनही त्या मर्यादेत आली. मोठे जमीनमालक दुखावले, मुल्की नियमांचा, म्हणजे सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य देणाऱ्या नियमांचा, प्रश्न चिघळून आंध्र भागात वेगळ्या राज्याचे आंदोलन पेटले आणि जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. पुढच्या आयुष्यात त्यांनी प्रत्येक पाऊल जपून का टाकले, याचे उत्तर मला तरी या अनुभवात दिसते.

सह्यवासी
गोलकोंडा, हा शेवटचा परिच्छेद मला फार मोलाचा वाटला. १९९१ मध्ये ज्या सावधपणाने काम झाले, तोच १९९२ मध्ये घातक ठरला, हे दोन्ही एकाच माणसाचे आहे.

शाहीन_मुंबई
सह्यवासी, माझ्या मनात जे होते ते आपण लिहिलेत.

ग्रंथसखी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या प्रतिसादांची छापील प्रत मी कार्यकारिणीपुढे ठेवली. ज्या ज्येष्ठ सभासदांचा विरोध होता, त्यांनी ती पूर्ण वाचली, आणि ६ डिसेंबर व १९८४ हे दोन्ही विषय उघडपणे घेतले जाणार असतील तर आपण स्वतः चर्चेत बोलू, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे आता कार्यक्रम असा ठरतो आहे.

सकाळी प्रदर्शन. त्यात २४ जुलै १९९१ चे औद्योगिक धोरण, १९८६ चे शैक्षणिक धोरण, ७३ व्या दुरुस्तीचा मजकूर, फेब्रुवारी १९९३ ची अयोध्येवरील सरकारी श्वेतपत्रिका, श्रीकृष्ण आणि लिबरहान आयोगांचे अहवाल, १९९८ व २०२४ चे दोन्ही निकाल असतील. साहित्यिक रावांसाठी वेगळे टेबल राहील. विश्वनाथ सत्यनारायण यांच्या ‘वेयि पडगलु’चा त्यांनी ‘सहस्रफण’ या नावाने केलेला हिंदी अनुवाद आमच्या संग्रहात आहे. आपटे यांच्या कादंबरीचा ‘अबला जीवितम्’ हा तेलुगू अनुवाद मात्र नाही.

दुपारी शिक्षण आणि पंचायत राज यांवर नवोदयीताई आणि तळेगावच्या सरपंचताई बोलतील. त्यानंतर १९९१ वर एक अर्थतज्ज्ञ आणि एक कामगार संघटक असे दोन वक्ते असतील. संध्याकाळची सर्व वेळ ६ डिसेंबर आणि १९८४ यांना दिली आहे. रावांनी ६ डिसेंबरवर लिहिलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले पुस्तकही तिथे ठेवू, म्हणजे त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत वाचता येईल. शाहीनताई, आपण येऊन बोलाल का?

शाहीन_मुंबई
येईन. आईलाही आणेन. तिला बोलायचे असेल तर ती उर्दूत बोलेल, चालेल ना?

गोलकोंडा
‘अबला जीवितम्’ची प्रत मी इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधतो. मिळाली नाही तर ओळखीच्या ग्रंथालयातून काही पानांच्या छायाप्रती मिळवून २० तारखेच्या आत टपालाने पाठवतो.

रामटेककर
उर्दू अवश्य चालेल. रावांना ती भाषा उत्तम येत होती. आमच्याकडून १९८४ आणि १९८९ च्या निवडणुकांची वृत्तपत्रांची कात्रणे येतील. एकच विनंती आहे. शेतीची कामे सुरू असल्याने आमच्याकडची मंडळी रात्रीच्या गाडीने परततील, म्हणून संध्याकाळची चर्चा साडेपाचला सुरू करावी. ती ऐकल्याशिवाय त्यांना निघायचे नाही.